पत्ता विचारणाऱ्याचाही पत्ता लागतो

वाशीमच्या एस. टी. स्थानकावर उतरलेला परगावचा माणूस पहिल्याप्रथम काय करतो? तो बाहेरच्या पानठेल्यावर जातो आणि पत्ता विचारतो. कोणी बालाजीच्या देवळाची वाट विचारतो, कोणी कचेरीची, कोणी वकिलाच्या घराची, तर कोणी अगदी हलक्या आवाजात एखाद्या डॉक्टरच्या दवाखान्याची. पानठेलेवाला वाट सांगतो आणि पुन्हा आपल्या सुपारीकडे वळतो. विचारणारा मनाशी म्हणतो, आपण कुठे काय सांगितले? नुसता पत्ता तर विचारला! परंतु लहान गावात ज्यांचे आयुष्य गेले आहे त्यांना पक्के ठाऊक असते की, पत्ता विचारणे हेही एक प्रकारचे सांगणेच असते. कोणाच्या घरची मुलगी कोणत्या दवाखान्याची चौकशी करीत होती, हे संध्याकाळपर्यंत चार आळ्यांत पोचलेले असते. दवाखान्यात काय बोलणे झाले ते कोणालाच कळलेले नसते. पण त्याची गरजही उरलेली नसते.

आज आम्ही ज्या विषयाचा परिचय करून देणार आहोत, तो वरवर पाहता अत्यंत रुक्ष व यांत्रिक आहे. इंटरनेटवर नावांवरून पत्ते शोधून देणारी जी यंत्रणा आहे, जिला डोमेन नेम सिस्टीम किंवा थोडक्यात डीएनएस म्हणतात, तिच्यामधून आपल्या खासगी गोष्टी कशा पाझरतात, हा तो विषय. पण त्याचे मर्म पानठेल्याच्या त्या प्रसंगातच आहे. आपण मोबाईलवर काय वाचतो, हे झाकून ठेवण्याची पुष्कळ व्यवस्था आता झाली आहे. परंतु ते वाचण्यासाठी आपण कोणाचे घर विचारले, हे मात्र अनेकदा उघड्यावरच राहते.

प्रथम ही यंत्रणा हवी कशाला, ते पाहू. इंटरनेटवरील यंत्रे एकमेकांना नावाने ओळखत नाहीत, आकड्यांनी ओळखतात. प्रत्येक यंत्राला एक आकडी पत्ता असतो. त्याला आयपी पत्ता म्हणतात. माणसाला मात्र आकडे लक्षात राहत नाहीत, नावे राहतात. तेव्हा नाव दिले असता आकडा काढून देणारी एक वही पाहिजे. अमेरिकेतील जाळ्याच्या आरंभीच्या काळात अशी एकच वही होती. कॅलिफोर्नियातील स्टॅनफोर्ड संशोधन संस्थेत एलिझाबेथ फाइनलर या बाई आणि त्यांचे सहकारी ती सांभाळीत. कोणाला नवे यंत्र जोडावयाचे असल्यास त्यांच्याकडे नोंद करावी लागे आणि इतर सर्वांनी त्या वहीची नवी प्रत वेळोवेळी उतरवून घ्यावी, अशी रीत होती. यंत्रे शेकड्यांनी होती तोवर हे चालले. ती हजारोंनी वाढू लागताच एका वहीचा कारभार झेपेना. म्हणून १९८३ साली पॉल मॉकापेट्रिस या संशोधकाने वहीची वाटणी करण्याची योजना मांडली. १९८७ साली तिचे नियम सुधारून प्रसिद्ध झाले आणि पायाभूत स्वरूपात ते आजही चालू आहेत.

ही वाटणी कशी आहे ते समजण्यास आपल्या महसुली कारभाराचा दाखला उत्तम. वाशीम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झाला. त्यात वाशीम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा आणि मानोरा असे सहा तालुके. आता एखाद्या शेताची नोंद हवी असेल, तर मुंबईच्या मंत्रालयात प्रत्येक गटाची वही ठेवलेली नसते. मंत्रालय म्हणेल, वाशीमला जा. जिल्ह्याची कचेरी म्हणेल, रिसोडला जा. तहसील कचेरी तलाठ्याकडे बोट दाखवील, आणि गट क्रमांकाचे नेमके उत्तर तलाठ्याच्या दप्तरात सापडेल. प्रत्येक पायरीवरील माणसाला आपल्या खालची पायरी तेवढी ठाऊक असली म्हणजे पुरे.

डीएनएसचेही असेच आहे. आपले शेतकरी सातबारा पाहण्यासाठी 'भूलेख डॉट महाभूमी डॉट जीओव्ही डॉट इन' हे नाव वापरतात. हे नाव यंत्र उजवीकडून डावीकडे वाचते. सर्वांत वर मूळ सर्व्हर. त्यांना ए पासून एम पर्यंतच्या तेरा रोमन अक्षरांची नावे आहेत, बारा संस्था ते चालवितात, आणि त्यांच्या प्रती जगभर ठेवलेल्या आहेत. त्यांतील एक मुंबईतही आहे. मूळ सर्व्हर सांगतो, 'इन' म्हणजे भारताची वही अमुक ठिकाणी. ती वही म्हणते, सरकारी नावांसाठी अमुक दाराशी जा. आणि असे करीत करीत शेवटी 'भूलेख'चा आकडा हाती लागतो. ही सारी पायपीट आपला मोबाईल स्वतः करीत नाही. ती करणारा एक मुनीम असतो. त्याला रिझॉल्व्हर म्हणतात. साधारणतः ज्या कंपनीकडून आपण नेटची जोडणी घेतली, तिचाच हा मुनीम असतो. मिळालेले उत्तर तो ठरावीक वेळ आपल्याजवळ टिपून ठेवतो, म्हणजे दुसऱ्याने तेच विचारले तर पुन्हा फेरी मारावी लागत नाही. एवढा सगळा व्यवहार डोळ्याचे पाते लवते न लवते तोच पार पडतो.

'इन' या वहीचा महाराष्ट्राशी जुना संबंध आहे. ही वही १९८९ साली भारताच्या नावे लागली, आणि आरंभीची अनेक वर्षे तिचा कारभार मुंबईत जुहू येथील राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्राकडे होता. सामान्य जनतेला इंटरनेट मिळाले ते १५ ऑगस्ट १९९५ पासून, आणि 'इन'ची नावे सर्वांना मोकळेपणाने मिळू लागली ती २००५ पासून. २०१४ साली देवनागरी लिपीतील 'भारत' हे शेवटचे पदही मिळाले, आणि मराठी माणसाला आपल्या लिपीत संकेतस्थळाचे नाव घेता येऊ लागले. तरी पडद्यामागे त्या देवनागरी नावाचे रोमन अक्षरांत रूपांतर करूनच प्रश्न पाठविला जातो. कारण नियमांचा पाया ज्या काळी घातला गेला, तेव्हा इतर लिपींचा विचारच झाला नव्हता. जी गोष्ट लिपीची, तीच खासगीपणाची. १९८३ साली या जाळ्यावर विद्यापीठे व संशोधनसंस्था होत्या; बहुतेक एकमेकांच्या परिचयाचे. घरात परके कोणी नसले की दाराला कडी लावण्याचे कोणाच्या मनात येत नाही. पुढे त्या घरात सारे जग राहावयास आले, परंतु दार तसेच राहिले.

आता गळती कोठे कोठे होते ते क्रमाने पाहू.

पहिली गळती वाटेतली. डीएनएसचा प्रश्न मूळच्या रीतीप्रमाणे उघड्या अक्षरांत जातो. आपल्याकडे पोस्टकार्ड १८७९ साली सुरू झाले. पोस्टकार्ड स्वस्त आणि सोयीचे खरे, पण ज्याच्या हातून ते जाईल त्याला ते वाचता येते. संकेतस्थळांशी होणारी आपली बातचीत आज बहुतेक ठिकाणी बंद पाकिटातून होते. ब्राऊझरमध्ये कुलपाचे चिन्ह दिसे, ते त्याचेच निदर्शक होते. पण पाकीट टाकण्यापूर्वी आपण पत्ता विचारतो, तो पोस्टकार्डावर! घरचे वायफाय सांभाळणारा, वसतिगृहाचा व्यवस्थापक, नेट पुरविणारा, किंवा मधल्या तारेवर कान लावून बसलेला कोणीही ते वाचू शकतो.

दुसरी गळती मुनिमाच्या घरी. वाटेवरचा चोर एखादे कार्ड वाचील, मुनीम मात्र सगळीच वाचतो. त्याचे कामच ते आहे. त्याने ही टिपणे किती दिवस ठेवावीत, कोणास दाखवावीत, यावर सारे अवलंबून राहते. एका कार्डावरून फारसे कळत नाही. महिनाभराची कार्डे एकापुढे एक मांडली, तर माणसाची दिनचर्या डोळ्यांपुढे उभी राहते: तो केव्हा उठतो, कोणत्या बँकेशी व्यवहार करतो, कोणती वर्तमानपत्रे वाचतो, कोणत्या देवस्थानाचे दर्शन घेतो. शिवाय आपण मोबाईलला हात लावला नाही तरी त्यातील ॲप आपापले पत्ते विचारीतच असतात. त्या नुसत्या नावांवरून कोणाच्या मोबाईलमध्ये काय आहे, त्याची यादी करता येते.

तिसरी गळती वरच्या पायऱ्यांवर. समजा, आपण जिल्ह्याच्या कचेरीत एवढेच विचारावयाचे आहे की रिसोड तहसील कोठे आहे. पण आपण तेथे उभे राहून मोठ्याने सांगितले की, 'रिसोड तालुक्यातील अमुक गावच्या अमुक गटावरील सावकाराचा बोजा पाहावयाचा आहे,' तर? प्रश्नाच्या उत्तराला ज्याची गरज नाही, ते सारे आपण चारचौघांत बोलून बसलो. मुनीम वर्षानुवर्षे हेच करीत आला. 'इन' कोठे आहे एवढेच विचारावयाचे असताना तो मूळ सर्व्हरला पूर्ण नाव सांगत असे. तो हे प्रश्न स्वतःच्या नावे विचारतो, म्हणून आपले घर सहसा झाकलेले राहते. परंतु जवळचा सर्व्हर निवडता यावा या सबबीखाली विचारणाऱ्याच्या पत्त्याचा काही भाग पुढे कळविण्याचीही एक रीत पडली आहे. म्हणजे घर नव्हे, तरी आळी कळते.

चौथी गळती उलट बाजूची, म्हणजे वही ठेवणाऱ्याची. एखाद्या संस्थेची संपूर्ण नामावली एका यंत्रावरून दुसऱ्यावर उतरवून घेण्याची सोय डीएनएसमध्ये आहे. ती आपल्याच दुय्यम यंत्रांपुरती ठेवावयाची असते. तिचे दार उघडे राहिले, तर कोणीही परका सगळी नामावली एका फटक्यात नेऊ शकतो. मग लेखापालाचे यंत्र कोणते, चाचणीसाठी उभे केलेले कच्चे यंत्र कोणते, हे चोराला आयतेच समजते. घराचा नकाशा दाराबाहेर टांगण्यासारखेच हे आहे.

येथे कोणी विचारील, आमच्याजवळ लपविण्यासारखे आहेच काय? जो चोर नाही त्याने कशास भ्यावे? हा आक्षेप आम्ही अनेक सुशिक्षितांच्या तोंडून ऐकला आहे, आणि तो वाटतो तितका निर्दोष नाही. आपण मतदान गुप्त ठेवतो. म्हणून मतदार गुन्हेगार ठरत नाहीत. वाशीम हा २००६ साली पंतप्रधानांच्या विशेष साहाय्यासाठी निवडलेल्या विदर्भातील सहा जिल्ह्यांपैकी एक. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे ती निवड झाली होती, हे विसरता येत नाही. अशा प्रदेशात एखादा कर्जबाजारी तरुण रात्री दोन वाजता प्रथम कर्ज देणाऱ्या ॲपचे, मग वकिलाचे आणि शेवटी मानसिक आरोग्याचे साह्य देणाऱ्या केंद्राचे नाव विचारतो, अशी कल्पना करा. ही तीन नावे एका ओळीत वाचणाऱ्याला त्याच्या मनाची सारी व्यथा कळली. ती व्यथा त्याने आईलाही सांगितलेली नाही. उद्या गावात आपले नाव होईल या धाकाने त्याने ते तिसरे नाव विचारलेच नाही, तर? खासगीपणा हे श्रीमंतांचे चोचले नव्हेत. संकटात सापडलेल्या माणसाला साह्य मागण्याचे जे धैर्य लागते, ते त्या आडोशातूनच येते. क्षयाची, कुष्ठाची किंवा एड्सची माहिती शोधणाऱ्याचे, नवऱ्याच्या मारहाणीविरुद्ध कायदा शोधणाऱ्या सासुरवाशिणीचे हेच आहे. आणि तिच्या बाबतीत घरचे वायफाय ज्याच्या हाती, तोच बहुधा ज्याच्यापासून लपवावयाचे तो असतो.

कायद्यानेही हे मान्य केले आहे. टेलिफोनवरील संभाषण चोरून ऐकण्याविषयी सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली मर्यादा घालून दिल्या. २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात नऊ न्यायमूर्तींनी एकमताने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला. २०२३ साली वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा संसदेने संमत केला. दुसऱ्या बाजूस गुन्ह्यांचा तपास हेही राज्याचे कर्तव्य आहे आणि त्यासाठी कायदेशीर आदेशाने माहिती मागविण्याची तरतूद आहे. आमचे म्हणणे इतकेच की, आदेश घेऊन दार उघडणे वेगळे आणि दारच नसणे वेगळे.

मग दार बसविण्याचे उपाय कोणते? अमेरिकेतील गुप्त पाळतीची प्रकरणे २०१३ साली उघडकीस आल्यावर इंटरनेटचे नियम करणाऱ्या मंडळींनी या प्रश्नात जोराने लक्ष घातले. २०१५ साली गळतीचे दोष त्यांनी एका टिपणात मांडले. २०१६ साली दोन सुधारणा आल्या. एक, मुनिमाने प्रत्येक पायरीवर नावाचा जरूर तेवढाच भाग सांगावा. जिल्ह्यात गेल्यावर तालुक्यापुरते बोलावे. दुसरी, घरापासून मुनिमापर्यंतचा प्रश्न पोस्टकार्डाऐवजी बंद पाकिटातून जावा. २०१८ साली तिसरी रीत आली. तीत हे पाकीट संकेतस्थळांच्या नेहमीच्या टपालातच मिसळून जाते, त्यामुळे ते वेगळे ओळखणेही अवघड होते. पाकिटाच्या आकारावरून आतला मजकूर ताडता येऊ नये म्हणून आत कोरा कागद भरून आकार सारखा करण्याची युक्तीही आहे.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. डीएनएसेक नावाची सुधारणा २०१० साली मूळ सर्व्हरपर्यंत पोचली. तिच्यामुळे प्रश्नही झाकला जातो असे काहींना वाटते. तसे नाही. वाकाटकांची राजधानी वत्सगुल्म म्हणजे आपले वाशीम. दुसऱ्या विंध्यशक्तीचा ताम्रपट येथेच सापडला. जुन्या ताम्रपटांच्या कडीवर राजमुद्रा ठोकण्याची चाल होती. मुद्रेमुळे लेख खरा असल्याची खात्री पटे. पण लेख कोणालाही वाचता येई. डीएनएसेक ही अशी मुद्रा आहे. खोटा पत्ता सांगून आपल्याला भलत्याच दारी नेणाऱ्यास ती अडविते, पण आपण काय विचारले ते झाकीत नाही. मुद्रा आणि पाकीट, दोन्ही लागतात. ब्राऊझरमधील 'इनकॉग्निटो'विषयीही असाच भ्रम आहे. ती सोय आपल्याच मोबाईलमधील खुणा पुसते. वाटेवरच्या कार्डावर तिचा काही परिणाम होत नाही.

उपायांची मर्यादाही प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. पाकीट बंद झाले तरी ते उघडणारा मुनीम आहेच. उद्या सर्वांनी गावचा मुनीम सोडून परदेशातील दोन-चार बड्या कंपन्यांचे मुनीम धरले, तर चार आळ्यांतील कुजबूज बंद होईल, पण साऱ्या जगाची टिपणे मोजक्या हातांत जातील. यावर विचारणारा कोण आणि प्रश्न काय, ह्या दोन गोष्टी दोन वेगळ्या हातांत ठेवण्याची एक रीत २०२२ साली मांडली गेली, परंतु ती अद्याप सार्वत्रिक नाही. शिवाय संकेतस्थळाशी बोलणे सुरू करताना त्याचे नाव पुष्कळदा पुन्हा एकदा उघड उच्चारले जाते. त्यावरील झाकण आता कोठे वापरात येत आहे. तेव्हा कोणी संपूर्ण गुप्ततेची हमी देत असेल, तर त्याच्यावर विश्वास ठेवू नये.

तरीही सामान्य गृहस्थाला करण्याजोगे पुष्कळ आहे. २०१८ नंतरच्या बहुतेक ॲन्ड्रॉईड मोबाईलमध्ये नेटवर्कच्या सेटिंगमध्ये 'खाजगी डीएनएस' अशी ओळ सापडते. ती चालू करावी आणि मुनीम निवडताना तो टिपणे किती दिवस ठेवतो, हे वाचून मग निवडावा. घरच्या वायफायच्या यंत्राचा कंपनीने दिलेला पासवर्ड बदलावा. कारण त्या यंत्रात शिरलेला मनुष्य आपल्या घराला भलताच मुनीम नेमून देऊ शकतो. ज्यांच्या हाती पतसंस्थेचे, शाळेचे किंवा बाजार समितीचे संकेतस्थळ आहे, त्यांनी आपल्या जाणकाराला एकच प्रश्न विचारावा: आपली नामावली परक्याला उतरवून घेता येते काय? उत्तर तपासून द्यावयास सांगावे.

जुन्या गावात पोस्टमन घरोघरची कार्डे वाचीत नसे असे नाही. अनेकदा तोच ती वाचून दाखवी, कारण घरात वाचणारे कोणी नसे. पण वाईट बातमीचे कार्ड असले की तो अंगणात हाक मारीत नसे. ओटीवर येऊन हळू आवाजात सांगे आणि पुढच्या घरी त्याचा उच्चारही करीत नसे. ही मर्यादा त्याला कोणत्या कायद्याने शिकविली नव्हती. यंत्राला ओटी कळत नाही आणि अंगणही कळत नाही. त्याला जे सांगितले तेवढेच ते पाळते. म्हणून माणसाच्या अंगी जी भीड होती, ती आता नियमांत लिहून यंत्राच्या अंगी बाणविली पाहिजे. ते काम तज्ज्ञांचे आहे. पण ते त्यांनी करावे असा आग्रह धरणे हे आपणा सर्वांचे काम आहे. पत्ता विचारणाऱ्याला पत्ता मिळावा, आणि विचारणारा कोण होता हे सांगणाऱ्याने विसरून जावे, एवढीच ही मागणी आहे.